‘एकूण’ नावाची पार्टी

घाऊक व्यापारात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात, आणि पेढीच्या संगणकावर ‘पार्टी लिस्ट फायनल न्यू २’ अशा काहीतरी नावाची एक एक्सेल फाइल असतेच. तिच्या आधीच्या चार-पाच आवृत्त्याही त्याच फोल्डरमध्ये पडून असतात. त्यांतली खरी कोणती हे एकाच माणसाला ठाऊक असते, आणि तो नेमका जेवायला गेलेला असतो. धंदा वाढतो, सी.ए. टुमणे लावतात, बिले व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ येते, आणि मग मालक टॅली, झोहो किंवा तसलेच एखादे सॉफ्टवेअर घेतात. विकणारा सांगतो की जुनी यादी आत घ्यायला, म्हणजे इम्पोर्ट करायला, पाच मिनिटे पुरतात. तो खोटे बोलत नाही. बटण दाबल्यापासून मोजले तर पाचही लागत नाहीत.

वेळ जातो तो बटणाच्या आधी. तो का जातो हे कळायचे तर ही फाइल कोणी कोणासाठी लिहिली ते पाहावे. समजा कोल्हापुरात पीव्हीसी पाइप आणि मोटारपंपांची एक घाऊक एजन्सी आहे. गिऱ्हाईक जिल्हाभर, शिवाय कऱ्हाडपर्यंत, पलीकडे निपाणी-चिकोडीला आणि थोडे गोव्यातही. तिथल्या दिवाणजींनी गेली काही वर्षे सांभाळलेल्या यादीत पिवळ्या रंगाच्या ओळी म्हणजे ज्यांच्याकडे वसुली अडली आहे त्या पार्ट्या. लाल म्हणजे रोखीशिवाय माल द्यायचा नाही. मध्येच एक जाड ठशातली ओळ येते, ‘गडहिंग्लज लाइन’; तिच्याखालच्या तीस नावांना टेम्पो मंगळवारी जातो. कुठे तीन चौकटी एकत्र करून त्यांत एकच पत्ता लिहिला आहे, कारण तीन भावांची तीन दुकाने एकाच गाळ्यात आहेत. मोबाइलच्या रकान्यात ‘नंबर बदलला, मुलाला विचारा’ असे लिहिले आहे. आणि तळाशी, अर्थातच, ‘एकूण’.

दिवाणजींच्या डोळ्याला ही फाइल उत्तम वाचता येते. सॉफ्टवेअरला डोळे नसतात. त्याचा नियम एवढाच की एक ओळ म्हणजे एक पार्टी आणि एक रकाना म्हणजे त्या पार्टीबद्दलची एक गोष्ट. रंग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. एकत्र केलेल्या चौकटींतला मजकूर फक्त पहिल्या ओळीला मिळतो, उरलेले दोन भाऊ बिनपत्त्याचे राहतात. ‘गडहिंग्लज लाइन’ ही त्याच्या लेखी एक पार्टी होते, तिचा मोबाइल नंबर नाही एवढेच. आणि तळाची ‘एकूण’ ही सगळ्यांत मोठी थकबाकीदार पार्टी होते. ही थट्टा नाही. नव्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एकूण’ किंवा ‘टोटल’ नावाचे खाते निघणे हा इतका नेहमीचा प्रकार आहे की इम्पोर्टनंतर सगळ्यांत आधी हे दोन शब्द शोधून पाहावेत.

म्हणून पहिले काम म्हणजे रंगांना शब्द देणे. पिवळ्यासाठी ‘वसुली स्थिती’ असा रकाना करायचा, लालसाठी ‘फक्त रोख’ असा, लाइनसाठी ‘रूट’ असा, आणि प्रत्येक ओळीत तो भरायचा. एक्सेलमध्ये रंगाप्रमाणे फिल्टर लावता येतो, त्यामुळे हे काम वाटते तितके किचकट नाही. किचकट असते ते वेगळेच. पिवळ्याच्या दोन छटा निघतात आणि फिकट पिवळा म्हणजे काय हे दिवाणजींनाही आठवत नाही.

*

दुसरी अडचण माणसाने केलेली नसते, एक्सेलने केलेली असते, आणि तिचे मूळ स्प्रेडशीटच्या जन्मात आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकावर आले. ते हिशेबासाठी होते. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत ही त्यामागची कल्पना. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये, आधी मॅकिन्टॉशवर, एक्सेल आले तरी स्वभाव तोच राहिला. चौकटीत आकड्यासारखे काही दिसले की तो आकडा मानायचा आणि तारखेसारखे काही दिसले की ती तारीख. माणसे मात्र या हिशेबाच्या वहीत नावे, पत्ते आणि फोन नंबर लिहू लागली.

फोन नंबर दिसायला आकडा असतो, पण त्याची बेरीज कोणी करत नाही. एक्सेलला हे कळत नाही. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१. आकडा म्हटल्यावर पुढचे शून्य बिनकामाचे, म्हणून एक्सेल ते टाकून २३१ ठेवतो. हे निदान डोळ्याला दिसते. मोबाइल नंबराच्या आधी कोणी ९१ लिहिले की बारा अंक होतात, आणि साध्या चौकटीत एक्सेल अकरा अंकांपर्यंतच पूर्ण आकडा दाखवतो. बारावा आला की तो शास्त्रीय पद्धतीने लिहितो, काहीसे ९.१९८२२ई+११ असे. आत अजून पूर्ण नंबर शाबूत असतो, रकान्याला ‘मजकूर’ किंवा बिनदशांशाचा ‘संख्या’ प्रकार दिला की परत दिसतो. पण सॉफ्टवेअरला देण्यासाठी फाइल सीएसव्ही प्रकारात साठवली जाते, आणि सीएसव्हीमध्ये एक्सेल जे दिसते तेच लिहितो. तिथे शेवटचे सहा अंक कायमचे जातात. पुन्हा उघडल्यावर मिळते ते ९१९८२२ आणि पुढे सहा शून्ये.

आता याची पुढची पायरी पाहा. महाराष्ट्रात ९८२२ ने सुरू होणारे जुने नंबर सर्रास आढळतात. त्यांतल्या अनेक पार्ट्यांचा नंबर आता एकच झाला. बरीच सॉफ्टवेअरे दुबार गिऱ्हाईक ओळखण्यासाठी मोबाइल नंबर पाहतात. त्यांना वाटते, हा एकच माणूस पुन्हा पुन्हा आला आहे, आणि ती शहाणपणाने त्या सगळ्यांना एका खात्यात घालतात. एकाही टप्प्यावर लाल अक्षरांत चूक दिसत नाही. शेवटी ‘इम्पोर्ट यशस्वी’ असाच संदेश येतो.

बँक खाते क्रमांकाचे याहून वाईट होते. एक्सेल आकड्यातले पंधराच अंक नेमके सांभाळतो, सोळाव्यापासून पुढे शून्य घालतो. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. असा क्रमांक आकडा म्हणून टाइप केला त्याच क्षणी शेवटचा अंक गेला. रकान्याचा प्रकार नंतर बदलून तो परत येत नाही. उपाय फक्त आधीचा आहे, रकाना रिकामा असतानाच त्याला ‘मजकूर’ म्हणून घोषित करणे.

तारखांची गंमत तर जगभर गाजलेली. एक्सेलच्या आत तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा असतो. १ एप्रिल २०२५ हा दिवस त्याच्या लेखी ४५७४८. इम्पोर्टनंतर गिऱ्हाइकाच्या ‘खाते सुरू’ रकान्यात असा पाच अंकी आकडा दिसला तर घाबरायचे कारण नाही, तारीख आकड्याच्या रूपात आली आहे एवढेच. (या मोजणीत १९०० हे साल लीप वर्ष धरले आहे, जे ते नव्हते. लोटसमधली ही चूक जुन्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने जाणूनबुजून पुढे चालवली आणि ती आजही तशीच आहे.) भीती दुसऱ्या गोष्टीची. संगणकाची सेटिंग अमेरिकी असेल तर ०५/०४/२०२३ ही आपली पाच एप्रिल चार मे होते. २५/०४/२०२३ मध्ये पंचविसावा महिना नसल्याने ती तारीख न होता नुसता मजकूर राहते. म्हणजे एकाच रकान्यात निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या तारखाच नाहीत. ओळखायची सोपी खूण अशी की रकाना रुंद करून त्याची डावी-उजवी मांडणी काढून टाकावी. खऱ्या तारखा आणि आकडे उजवीकडे सरकतात, मजकूर डावीकडे चिकटतो. जो रकाना दोन्ही कडांना फाटलेला दिसेल त्यात घोळ आहे.

ही सवय एक्सेलने केवळ व्यापाऱ्यांना छळण्यापुरती ठेवलेली नाही. माणसाच्या काही जनुकांची नावे ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. शास्त्रज्ञांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत राहिल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ अशी बदलली. सॉफ्टवेअरचा स्वभाव बदलण्यापेक्षा जनुकाचे नाव बदलणे सोपे वाटले. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे बदल बंद करण्याची सोय नंतर, २०२३ मध्ये आली. त्याच २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांकडून येणारे अहवाल जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत भरले जात होते, आणि त्या फाइलीत ६५,५३६ च ओळी मावतात. नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. पुढच्या ओळी निमूटपणे बाहेर राहिल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात कोण आले होते याचा शोध तेवढे दिवस लांबला.

कोल्हापूरच्या पाइपवाल्याकडे पासष्ट हजार पार्ट्या नसतात. पण म्हणून एक साधी सवय सोडू नये, आधी किती ओळी होत्या आणि नंतर किती खाती झाली ते मोजणे. आकडा जुळला नाही तर उरलेल्या कुठे गेल्या हे त्याच दिवशी शोधता येते. तीन महिन्यांनी शोधता येत नाही.

*

यादी मराठीत असेल तर आणखी एक थर चढतो आणि त्याबद्दल इंग्रजी मदतपुस्तिकांत एक ओळही सापडत नाही.

जुन्या फाइली बहुधा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा तशाच फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर ‘पाटील’ दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. फॉन्टने त्यांना देवनागरीचा पोशाख चढवलेला असतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो फॉन्ट नसतो, त्यामुळे आतली मूळ अक्षरे उघडी पडतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. त्यासाठीची रूपांतर साधने मिळतात, आणि ती बहुतेक अक्षरे बरोबर बदलतात. ‘बहुतेक’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण जोडाक्षरे आणि रफार ज्या नावांत आहेत ती एकेक डोळ्याखालून घालावी लागतात.

फाइल युनिकोडमध्ये असली तरी सीएसव्हीचा धोका उरतोच. युनिकोडच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये साठते. उघडणाऱ्याला ते कळले नाही तर तो तीन बाइटची तीन वेगळी चिन्हे दाखवतो, आणि ‘सावंत’ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन अक्षरांची रांग उभी राहते. एक्सेलमध्ये साठवताना ‘सीएसव्ही’ आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असे दोन पर्याय दिसतात. मराठीसाठी दुसराच निवडायचा. पहिला निवडला तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात, आणि प्रश्नचिन्हांतून नाव परत काढता येत नाही.

सगळ्यांत फसवी गोष्ट मात्र दिसतच नाही. ‘कऱ्हाड’ हे नाव संगणकात निदान दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकात खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. फिल्टर लावला की गावांच्या यादीत कऱ्हाड दोनदा दिसते. ‘कराड’ असे लिहिणारे तिसरे. ‘ॲड.’ मधल्या ‘ॲ’ ची तीच कथा: काही ठिकाणी ते एकच स्वतंत्र चिन्ह असते, काही ठिकाणी ‘अ’ वर चढवलेला चंद्र. वकीलसाहेबांचे नाव शोधले आणि ‘नोंद नाही’ असे आले तर नोंद नसेलच असे नाही. इलाज कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. गावे आणि उपाध्या यांची एकच ठरीव यादी करावी आणि प्रत्येक चौकटीत त्या यादीतूनच नाव उचलावे, हाताने टाइप करू नये.

गावांच्या नावांबाबत महाराष्ट्रात अलीकडे भर पडली आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. पाच वर्षे सांभाळलेल्या यादीत जुने-नवे दोन्ही असणारच. पिनकोड मात्र नाव बदलल्याने बदलत नाही, म्हणून गावानुसार गट करायचे तर पिनवर भर द्यावा. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू असलेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली. ते केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही. महाराष्ट्राचे पिन ४० ते ४४ ने सुरू होतात. गोव्याचे ४०३ ने. कोणताही पिन शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे एक्सेलने तो आकडा मानला तरी काही बिघडत नाही. यादीतल्या आकड्यांपैकी एवढा एकच निर्धोक निघतो.

*

इथवरची सगळी डोकेदुखी अक्षरांची आणि अंकांची होती. खरा प्रश्न आता येतो, की एक पार्टी म्हणजे नक्की कोण?

‘गणेश ट्रेडर्स’ आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहे. भैरवनाथ, महालक्ष्मी आणि स्वामी समर्थ यांचीही तीच स्थिती. दिवाणजी त्यांना ‘गणेश (स्टँडजवळचा)’ आणि ‘गणेश, कागल’ असे वेगळे ओळखतात. यादीत दोघांपुढे कधी ते लिहिलेले असते, कधी नसते. टॅलीत एकाच नावाची दोन खाती उघडता येत नाहीत. इम्पोर्ट करताना ते विचारते की त्या नावाचे खाते आधीच असेल तर काय करू: दुबार सोडून देऊ, नव्या माहितीने बदलू की आरंभीच्या शिल्लकी एकत्र करू? ‘एकत्र करू’ निवडले की कागलच्या गणेशाची उधारी स्टँडजवळच्या गणेशाच्या नावे जमा होते आणि वसुलीला गेलेल्या माणसाला चार शब्द ऐकावे लागतात.

उलटही होते. ‘एस. आर. पाटील’, ‘पाटील संभाजी रामचंद्र’ आणि ‘संभाजी पाटील (पेट्रोल पंप)’ हे तिघे एकच. मराठी नावाला तीन भाग असतात आणि शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहायची सवय असते. सॉफ्टवेअरला हवे असते फक्त पहिले नाव आणि आडनाव. एक्सेलच्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ने जागा पाहून तुकडे पाडले की काहींचे आडनाव ‘संभाजी’ होते, आणि ‘सौ.’ हे पहिले नाव असलेल्या स्त्रियांची रांग लागते. माझा सल्ला असा की घाऊक धंद्यात नाव तोडूच नये. ‘दर्शनी नाव’ अशा एकाच रकान्यात, बिलावर जसे छापायचे तसे, पूर्ण ठेवावे.

नावावरून ओळख पटत नाही, मोबाइल बदलतो. मग ओळखायचे कशावरून? नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यापुरते उत्तर जीएसटी क्रमांकात आहे, आणि तो क्रमांक फार विचारपूर्वक रचलेला आहे. पंधरा अक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या मालकाचा किंवा संस्थेचा पॅन. तेरावे अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेली ही कितवी नोंदणी ते सांगते, चौदावे सध्या बहुधा झेड असते, आणि पंधरावे हे आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले पडताळणीचे अक्षर. टाइप करताना एक अक्षर चुकले की शेवटचे अक्षर जुळत नाही आणि चूक पकडली जाते. पॅनचे चौथे अक्षरही बोलके आहे. पी असेल तर ती व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी पेढी, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. ‘गणेश ट्रेडर्स’ कागल आणि ‘गणेश एंटरप्रायझेस’ निपाणी यांच्या क्रमांकातली मधली दहा अक्षरे सारखी निघाली तर दोन्ही दुकाने एकाच मालकाची आहेत, हे दिवाणजींनाही नव्याने कळते. उधारीची मर्यादा ठरवताना याचा उपयोग किती, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

आणि निपाणीचा मुद्दा आला तर तो पुरता बोलून टाकू. निपाणी कर्नाटकात, पण तिथली बोली मराठी, गिऱ्हाईक कोल्हापूरचे, टेम्पो रोजचा. यादीत त्या पार्टीच्या राज्याचा रकाना बहुधा रिकामा असतो, किंवा कोणीतरी वरची चौकट खाली ओढून सगळीकडे ‘महाराष्ट्र’ भरलेले असते. कर मात्र माल कुठे पोहोचतो यावर ठरतो. कोल्हापूर ते कागल गेला तर केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा जीएसटी, कोल्हापूर ते निपाणी गेला तर आयजीएसटी. राज्याचा एक रकाना चुकला की त्या पार्टीचे प्रत्येक बिल चुकते. तेव्हा इम्पोर्टच्या आधी जीएसटी क्रमांकातले पहिले दोन अंक, राज्य आणि पिन हे तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावेत. २९ च्या पुढे ‘महाराष्ट्र’ दिसले की थांबायचे.

शेतकरी, प्लंबर, छोटे ठेकेदार यांच्याकडे जीएसटी क्रमांक नसतो. त्यांच्यासाठी आणि खरे तर सगळ्यांसाठी, स्वतःचा पार्टी क्रमांक द्यावा. ‘पी-०००१’ पासून सुरू करून प्रत्येक ओळीला एक, आणि एकदा दिलेला पुन्हा कोणाला द्यायचा नाही. अक्षर मुद्दाम पुढे लावायचे, म्हणजे एक्सेल त्याला आकडा मानत नाही आणि शून्ये टिकतात. या क्रमांकाचा खरा फायदा दुसऱ्या इम्पोर्टच्या वेळी कळतो. पहिल्यांदा काहीतरी राहतेच, यादी पुन्हा चढवावी लागते. सॉफ्टवेअरला हा क्रमांक ‘ओळखीचा रकाना’ म्हणून सांगितला असेल तर ते जुन्या नोंदी दुरुस्त करते आणि फक्त नव्या वाढवते. सांगितला नसेल तर प्रत्येक पार्टी दोनदा होते. यात एक खाच आहे. दुरुस्तीच्या फाइलीत एखादी चौकट रिकामी असली तर काही सॉफ्टवेअरे तिचा अर्थ ‘बदल नको’ असा घेतात, काही ‘पुसून टाका’ असा. आपले कोणते ते दहा ओळींवर करून पाहावे.

*

आकड्यांत शेवटी उरते ते येणे. ‘१२,५००/-’ अशी रक्कम लिहायची आपली जुनी सवय, त्या शेवटच्या रेघेमुळे एक्सेलसाठी तो मजकूर होतो आणि बेरजेत धरलाच जात नाही. वर्षानुवर्षे ‘एकूण’ कमी येत असल्याचे अशा वेळी उघड होते. दुसरे, नावे आणि जमा यांचे चिन्ह. टॅलीच्या एक्सएमएल फाइलीत नावे बाजूची रक्कम ऋण चिन्हाने लिहिली जाते. गिऱ्हाइकाकडून येणे म्हणजे अधिक, असे समजून कोणी फाइल बनवली तर सगळे थकबाकीदार एका रात्रीत आपले सावकार होतात. टॅलीप्राइमच्या चौथ्या रिलीजपासून थेट एक्सेलमधून आत घेण्याची सोय आली, त्यामुळे आता एक्सएमएल हाताळायची वेळ क्वचितच येते. चिन्ह तपासायची येतेच. तिसरे, एकरकमी शिल्लक घ्यायची की बिलवार? एकरकमी घेणे सोपे. पण उद्या पार्टी म्हणाली की दिवाळीचे बिल फेडले, आषाढाचे राहिले, तर उत्तर द्यायला बिलवार हवे. ज्यांच्याकडे चार-सहा महिन्यांची उधारी चालते त्यांच्यापुरते तरी बिलवार घ्यावे, बाकीच्यांचे एकरकमी चालेल.

हे सगळे झाले की आधी वीस ओळी चढवून पाहाव्यात, आणि त्या वीस यादीतल्या सगळ्यांत अवघड असाव्यात: निपाणीची पार्टी, कऱ्हाडचा वकील, तीन भाऊ, दोन्ही गणेश, सोळा अंकी खाते क्रमांक, शून्य शिल्लक आणि जमा शिल्लक असलेले एकेक. पहिल्या वीस ओळी घेऊन चाचणी करणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण यादीच्या सुरुवातीला दिवाणजींनी नेहमीच नीट लिहिलेले असते. चाचणीनंतर बॅकअप घ्यावा, मगच पूर्ण यादी. इम्पोर्ट मागे फिरवण्याची कळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसते.

हे काम कोणाला द्यावे? सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा मुलगा चटपटीत असतो, पण ‘फिकट पिवळा’ म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? माझ्या मते त्याने फक्त शेजारी बसावे. माउस दिवाणजींच्या हातात असावा, किंवा निदान त्यांची मान हलल्याशिवाय कोणतीही दोन नावे एक होऊ नयेत. ज्या गोष्टी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत, जसे की ‘मुलाला माल देऊ नये, वडिलांना फोन करावा’, त्यांच्यासाठी ‘टीप’ असा एक मोकळा रकाना ठेवावा. फक्त त्यात काय लिहायचे याचे भान हवे. हा शेरा आता उद्या कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोराला दिसणार आहे, आणि चुकून पार्टीला पाठवलेल्या खातेउताऱ्यावर छापूनही येऊ शकतो. गिऱ्हाइकांचे नाव, नंबर, पत्ते ही वैयक्तिक माहिती आहे आणि तिच्यासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. पूर्ण यादी व्हॉट्सॲपवर इकडून तिकडे फिरवणे, पेनड्राइव्हवर विसरणे, जुन्या नोकराच्या ईमेलात राहू देणे हे आता नुसते गबाळेपण राहिलेले नाही.

वर्ष बदलताना, म्हणजे १ एप्रिलला, नवे सॉफ्टवेअर सुरू करणे सगळ्यांत सोयीचे. ३१ मार्चच्या शिल्लकी तशाही काढाव्या लागतात आणि सी.ए.ही त्या तपासतात. त्या रात्री जुनी फाइल फक्त वाचता येईल अशी करून ठेवावी आणि तिच्या नावात तारीख घालावी. हे केले नाही तर सेल्समन सवयीने जुन्याच फाइलीत नवे नंबर टाकत राहतो, बिले नव्या सॉफ्टवेअरमधून निघतात, आणि जूनपर्यंत दोन्हीकडे अर्धी-अर्धी खरी यादी तयार होते.